भिंग मोठे, नग एक

परवा रक्त तपासायला गेले होते. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अशा लॅबची रांगच आहे. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी, आणि त्या सगळ्यांत उभी मी एकटीच. बसवतच नाही मला. माझा नंबर आला, आतल्या मुलीनं कोपराच्या वळणात कापसाचा बोळा फिरवला आणि स्पिरिटचा थंड वास नाकात शिरला. 'मावशी, हात सैल सोडा,' ती म्हणाली. मला वाटलं सोडला. 'अजून सोडा.' सुई गेली, नळी भरली, बोळा दाबून धरायला सांगून तिनं पुढच्या माणसाला हाकही मारली, तरी मी तिथेच. कारण त्या वासासरशी मी लॅबमधून उठून नेकनूरच्या पुढे असलेल्या आमच्या गावी गेले होते, वाचनालयाच्या खोलीत, स्पिरिटच्या दिव्याभोवती डोकी घालून बसलेल्या नऊ-दहा मुलांच्या मागे. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत भर दुपारी दिसत नाही. तिच्या वरची हवा तेवढी थरथरताना दिसते. ती थरथरणारी हवा बघायला मुलं श्वास धरून बसली होती, आणि मी त्यांना सांगत होते की दाराकडे लक्ष ठेवा, कुणी येईल.

त्या वाचनालयाची मी ग्रंथपाल होते. 'ड' वर्गाचं वाचनालय, म्हणजे सरकारदरबारी सगळ्यात खालच्या पायरीवरचं. एक खोली, चार कपाटं, दोन लांब टेबलं आणि पहिल्या बसनं येणारी तीन वर्तमानपत्रं. खोली गावच्या दूध संस्थेला लागून होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ कॅनचा खणखणाट आणि सांडलेल्या दुधाचा आंबूस वास पुस्तकांनाही लागलेला असे. पगार नावाला होता आणि तोही अनुदान आलं की यायचा. पण माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, आणि मी वाचनालयाची किल्ली कमरेला खोचून निघाले की ते ओट्यावरून उठून उभे राहायचे. 'बसा की,' म्हटलं तरी बसायचे नाहीत. ती किल्ली जाईल, ही भीती मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून बाळगून होते. पुढे जे घडलं त्यामागे तीही होती, पण तिच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. आड आटले होते, टँकर एक दिवसाआड यायचा आणि दारापुढच्या पाण्याच्या टाक्यांना लोकांनी कुलपं लावली होती. कडबा संपत आल्यामुळे जनावरं विकायला निघत होती, दूध संस्थेतले कॅन सकाळी अर्धेच भरत होते. आमच्याकडे त्या वर्षी मुबलक असलेली एकच गोष्ट म्हणजे ऊन. अशा वर्षात मुलांसाठी विज्ञानाच्या पेट्या आल्या याचं आज मलाही नवल वाटतं, पण त्या ठरल्या होत्या आदल्या वर्षीच. तालुक्याचा दूध संघ दर दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा भेट द्यायचा. घरोघरी फळीवर हे डबे ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकावर संघाचं नाव कोरलेलं, आणि कुणाकडे किती डबे आहेत त्यावरून ते घर किती वर्षं दूध घालतंय हे सांगता यायचं. त्या वर्षीच्या सभेत कुणी तरी उठून म्हणालं की डबे खूप झाले, एक वर्ष डबा नको, त्या पैशातून गावोगावच्या वाचनालयांना पोरांसाठी विज्ञानाची पेटी द्या. ठराव कसा मंजूर झाला देव जाणे. बायका मात्र नाराज झाल्या, आणि पेटी गावात येण्याआधीच तिचं नाव 'डब्याची पेटी' पडलं.

पेटी श्रावणात आली. हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंकच ती. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली, तिची दुसरी प्रत पाकिटात: थर्मामीटर, चुंबक दोन, काचनळ्या, लिटमसचे कागद, होकायंत्र, स्पिरिटचा दिवा, भिंग मोठे नग एक, आणि बरंच काही. संघाच्या कारकुनानं आमच्या देखत सगळं मोजलं, यादीवर खुणा केल्या, कुलूप लावलं, कडीला लाल फीत बांधली आणि गाठीवर लाखेची मोहोर उठवली. उद्घाटन चेअरमनसाहेबांच्या हस्ते व्हायचं होतं. 'तारीख कळवतो,' म्हणून तो गेला.

तारीख. तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. आधी साहेबांना मुंबईला जावं लागलं. मग पितृपक्ष लागला, त्यात शुभकार्य कसं करणार. पितृपक्ष संपतो न संपतो तोच संघाच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, म्हणजे फीत कापणं हा प्रचार झाला असता. दर आठवड्याला मी संघाच्या ऑफिसात फोन करायची आणि दर वेळी नवं कारण ऐकून रिसीव्हर आदळायची. गावातली निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, बरोबर पोरंही जातात, गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. दुष्काळात तर टोळ्या आधीच हलणार होत्या. म्हणजे जी पोरं सगळ्यात जास्त वेळ वाचनालयात रेंगाळायची, त्यांच्यासाठी ही पेटी नुसती लाल फीत बांधलेली एक ट्रंक राहणार होती. हे मी तावातावानं वाचनालयाच्या सचिवांना सांगायची. सचिव म्हणजे आमचे आप्पा. आयुष्यभर सोसायटीत गटसचिव म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले, कानात अत्तराचा फाया आणि खिशात दोन पेनं. खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले की ते फक्त धोतरापासून खाली दिसायचे. माझं सगळं बोलणं ऐकून घ्यायचे, मग खाकरायचे, बऱ्याच वेळानं म्हणायचे, 'कायदा हाय, बाई. मोहोर म्हंजी मोहोर.' त्यांच्या त्या खाकरण्याचा मला फार राग यायचा. वाक्य निघेपर्यंत माझी दहा वाक्यं बोलून व्हायची.

मग ती मुलगी. सहावीत असेल. आई-वडील ऊसतोडीचे, घरी एक म्हैस, तिचं दूध संस्थेत घालायला तीच यायची आणि किटली रिकामी झाली की वाचनालयाच्या दारात उभी राहायची. प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची तिला खोड होती. पुस्तक हातात घेतलं की आधी मागचं पान, घड्याळ दिसलं की त्याची पाठ. साहेब मुंबईत होते तेव्हाच एके दिवशी मुलं ट्रंकेभोवती बसून फितीकडे बघत होती, तशी ती मागे जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, 'बाई, सायेबाची वाट कावून बघायलेत? मोहोर म्होरं हाय. मागं नुसती खीळ हाय.' बिजागरीत घातलेली तार, बस्स. आम्ही तिला खीळ म्हणतो. पक्कडीनं एक टोक सरळ केलं की तार सरकून बाहेर येते. दोन बिजागऱ्या, दोन खिळी. झाकण मागून हातभर वर उचललं जात होतं, आणि पुढे फीत, गाठ, लाख सगळं जागच्या जागी. मी आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ते जेवायला घरी गेले होते. मग मी माझ्या टेबलाच्या खणातून पक्कड काढली आणि तिच्या हातात दिली. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पक्कड मी दिली.

पुढचा महिना-सव्वा महिना आमच्या वाचनालयात रोज दुपारी, दुष्काळामुळे सकाळची झालेली शाळा सुटल्यावर, झाकण मागून उघडायचं. किती बारीकसारीक गोष्टी आठवतात. चुंबक घेऊन मुलं कोरड्या ओढ्यात गेली आणि वाळूतून लोखंडाचा काळा कीस गोळा करून आणला, कागदावर तो उभा राहायचा, चुंबक फिरवलं की आडवा व्हायचा. लिंबू, चिंच, साबण, राख, म्हशीचं दूध, जे मिळेल त्यात लिटमसचा कागद बुडवला गेला, आणि आठवड्यात कागद संपले. पाण्याचे प्रयोग अवघड होते. पाणी वाया घालवायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून एक तांब्याच सगळ्या प्रयोगांना पुरवायचा, तेच पाणी तापवायचं, तेच गाळायचं, त्यातच बटाटा बुडवून बघायचा, आणि शेवटी ते कुणाच्या शेळीला द्यायचं यावरून भांडण. ऊन मात्र फुकट होतं. भिंगानं उन्हाचा ठिपका करून पाचट जाळायचं, हा सगळ्यांचा आवडता खेळ. तिचा नव्हे. ती भिंग उन्हात नेतच नसे. ती ते स्वतःच्या तळहातावर धरायची, मुंगीवर धरायची, गोणपाटाच्या विणीवर धरायची, आणि बघून झालं की पुढच्याला द्यायची, कधी न सांगता. माझ्यासारखी घाई तिला नव्हती. मी तेव्हा अगदी फुलून गेले होते. आपण काही तरी धाडस करतोय, नियमाला वाकुल्या दाखवतोय, असा एक तोरा माझ्यात आला होता. आप्पा साडेतीनला यायचे, त्याच्या आत खिळी परत बसवायच्या. कधी उशीर व्हायचा, आप्पा दारात दिसायचे, मुलं ट्रंकेपुढे भिंतीसारखी उभी राहायची. आप्पा सरळ खुर्चीत जाऊन वर्तमानपत्र उघडायचे. बिचाऱ्यांना काही कळत नाही, असं मी मनाशी म्हणायची.

टोळी दसऱ्याच्या आधीच निघायची ठरली. जायच्या आदल्या दिवशी ती किटली न घेताच आली. म्हैस पाहुण्यांकडे पाठवली होती. खूप वेळ ती कपाटाशी घुटमळली, मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, 'बाई, भिंग नेऊ का फडावर?' मी वर बघितलं. 'आयच्या हातात पाल्याची कुसळं जात्यात. लई बारीक असत्यात, दिसत न्हाईत. मंग हात सुजतो. भिंगातून दिसतील. म्या काढते त्यायला सुईनं.' मग तिनं पुढे जोडलं, 'पाडव्याला आनते की परत.'

फडावरचं, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानातलं काम ज्यांनी बघितलंय त्यांना ती कुसळं माहीत आहेत. उसाच्या पाल्याला बारीक लव असते, ती तळहातात घुसते आणि आतच मोडते. दिवसभर कोयता धरलेल्या हातात ती दिसत नाही, नुसती ठसठसते. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी तिला 'नाही' म्हणाले. पेटी वाचनालयाबाहेर न्यायची नाही, म्हणाले. यादीत आहे ते, म्हणाले. सगळं खरं होतं. लिटमस संपले ते खपवता आलं असतं, स्पिरिट उडून गेलं असं सांगता आलं असतं, पण 'भिंग मोठे, नग एक' हे कमी पडलं तर दिसलं असतं. माझं धाडस जेवढं झाकता येईल तेवढंच होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि कळून न कळल्यासारखं मी रजिस्टर पुढे ओढलं. ती 'बरं' म्हणाली. रुसली नाही, रडली नाही. खिडकीत आप्पांचं वर्तमानपत्र होतं, ते हललंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो गेला.

उद्घाटन दिवाळीनंतर झालं. निवडणूक संपली होती, चेअरमनसाहेब पुन्हा निवडून आले होते आणि खुशीत होते. दुष्काळामुळे कार्यक्रम साधेपणानं, असं निमंत्रणात छापलं होतं, तरी हार, नारळ, शाल आणि चाळीसेक माणसं होती. मुलं थोडीच होती, ज्यांच्या घरचं कुणी तोडीला गेलं नव्हतं अशांची. साहेबांनी फीत कापली, लाख फुटली, कुलूप उघडलं, टाळ्या झाल्या. आणि संघाचा तो कारकून, ज्याला कुणीही सांगितलं नव्हतं, झाकणावरची यादी मोठ्यानं वाचायला लागला. थर्मामीटर आहे. चुंबक दोन आहेत. लिटमसचं पाकीट त्यानं उघडलं, ते रिकामं. स्पिरिटची बाटली उजेडात धरली, ती अर्धी. मागून कुणी तरी म्हणालं, 'कोन प्यालं बे?' आणि लोक हसले. साहेबही हसले. तेवढ्यावर भागेल असं मला वाटत होतं. 'भिंग मोठे, नग एक,' कारकून म्हणाला, आणि ट्रंकेत हात घालून चाचपत राहिला. भिंग नव्हतं. मी स्वतः शेवटची खीळ बसवली तेव्हा ते होतं, की नव्हतं? मला आठवेना. 'मोहोर तर शाबूत होती,' कारकून म्हणाला. 'मंग गेलं कुठं?' साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. आप्पा खाकरले.

आणि मी म्हणाले, 'इथे एक मुलगी यायची. तिला मागून बिजागरी काढता येते. तिनंच नेलं असेल. तोडीला गेलीय आता.'

एवढंच वाक्य. ते बोलायला मला किती वेळ लागला असेल? आप्पांचं खाकरणं संपायच्या आत ते बोलून झालं होतं. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, थांबत थांबत. 'भिंग म्या दिलं, सायेब. टेम्पो सुटायच्या आदी म्या गेलतो. माझ्या हातानं खिळी काढल्या. तिच्या आयच्या हातात कुसळं जात्यात.' परत खाकरले. 'पेटीत तिच्या आयचा डबा हाय की.' साहेब क्षणभर गोंधळले, मग पुन्हा हसले. 'असू द्या हो आप्पा. भिंगच ना.' कारकुनानं यादीवर काही तरी लिहिलं. फोटो निघाला. त्या फोटोत मी आहे, आप्पा आहेत, ट्रंक आहे. साहेबांनी विज्ञानावर भाषण केलं, पोहे झाले, चहा झाला, गाड्या गेल्या. माझी किल्ली गेली नाही. कुणाला साधी नोटीससुद्धा आली नाही. ज्याची मला एवढी भीती वाटत होती ते घडलंच नाही, ते कधी घडणारच नव्हतं.

आप्पांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. रोज साडेतीनला दारात येऊन ते दोन मिनिटं बाहेर उभे राहायचे, आतला गडबडगुंडा आवरू द्यायचे, मग आत यायचे, हे मला एका मुलानं नंतर सांगितलं. ज्या माणसाला मी नियमाचा गुलाम समजत होते, त्यानं नियम मोडला तो गाजावाजा न करता आणि जिथे मोडायला हवा होता नेमका तिथेच. मी मोडला तो स्वतःच्या कौतुकासाठी, असं आता वाटतं. आणि प्रसंग आला तेव्हा पक्कड कुणी दिली, हे मी गाळलं. संशय आधी कुणावर जातो, हे मला शिकवायला कुणी परका नको होता. माझ्या घरात ते तीन पिढ्यांनी भोगलेलं होतं. तरी माझ्या तोंडून तेच निघालं, आणि तितक्याच सहज. मी हे आप्पांजवळ एकदा काढलं. त्यांनी खुर्ची सरकवून मला बसायला सांगितलं, खाकरले, आणि म्हणाले, 'टँकर आला का बघा बरं.' त्यांनी मला रागवायला हवं होतं, असं अजून वाटतं.

गावातून फडावर बातमी जायला बस लागत नाही. त्या चाळीस माणसांत टोळीच्या मुकादमाचा भाऊ होता, आणि मुकादम म्हणजे या टोळ्या गोळा करून कारखान्याला नेणारा माणूस. दुपारी कार्यक्रम झाला आणि दिवस मावळायच्या आत फडावर फोन गेला. काय गेलं असेल? आप्पांचं वाक्य गेलं नाही. ते लांब होतं, मधे खाकरणं होतं, त्यात कुसळं होती, डबा होता. माझं वाक्य सुटसुटीत होतं. पोरीनं वाचनालयातून भिंग चोरलं, आणि वाचनालयाच्या बाईनंच सांगितलं. चार-साडेचार महिने ती मुलगी फडावरच्या कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या झोपड्यांत, हे ऐकत राहिली असणार. मी तेवढ्या महिन्यांत गावात टँकरमागे धावत होते, संघाला फोन करत होते, पुस्तकांवर नवे कागद चढवत होते, एका जागी बसत नव्हते. मनात एक हिशेब चालू असायचा की परत आल्यावर बोलू. पाडवा येऊ दे.

पाडव्याला आठवडा असताना तिची आई वाचनालयात आली. एकटी. तळहातावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची घडी होती. मी खुर्चीतून उठले. ती माझ्या टेबलापुढून तशीच पुढे गेली, खिडकीपाशी थांबली आणि घडी आप्पांच्या हातात ठेवली. 'काका, हे तुमचं,' म्हणाली. 'लई कामाला आलं.' आप्पांनी चिंधी उलगडली. भिंगाला एक ओरखडा नव्हता. आप्पांनी पोरीची चौकशी केली. 'हाय घरी,' ती म्हणाली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, जसं बंद दुकानाकडे बघून माणूस पुढे जातो तसं.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. आई चुलीपुढे बसली होती. मुलगी आतल्या खोलीत होती, मला तिचे पाय दिसत होते. तिनं पाय आत ओढून घेतले. मी बसले नाही. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले की माझं चुकलं, मी तिचं नाव घ्यायला नको होतं, तिनं मनावर घेऊ नये, वाचनालयात यावं, पेटी आता रोज उघडी असते. एका दमात म्हणाले सगळं, जसं मी नेहमी म्हणते. आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. उठली, टाकीचं कुलूप काढलं, तांब्या भरून पाणी आणून माझ्यापुढे धरलं. मी प्याले. मग ती म्हणाली, 'बाई, तुमी म्हनलात तवा चार लोकं होते. आन आता माफी मागायलात, तवा हितं मी हाय आन ही चूल हाय.'

तिचा आवाज चढलेला नव्हता. तांब्या घेऊन ती आत गेली.

ती बरोबर होती हे कळायला मला क्षणही लागला नाही. पण तिनं मागितलेली गोष्ट करायला मला किती वेळ लागला ते सांगते. वाचनालयाची वार्षिक सभा पावसाळ्यात होती. मी ठरवलं होतं की तिथे उभं राहून बोलायचं. पक्कड माझी होती, उघडायला मी लावलं, मुलीनं काही चोरलं नाही, एवढी तीन वाक्यं. माझं नाव पुकारलं, मी उठले, समोर तेच लोक होते, मुकादमाचा भाऊसुद्धा, आणि मी अहवाल वाचला. सभासद किती, पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती. अहवालात विज्ञान पेटीचाही उल्लेख होता: सुस्थितीत, सर्व वस्तू पूर्ण. टाळ्या झाल्या. मी खाली बसले आणि मला जाणवलं की बोलायला चुरचुरीत असलेली, फोनवर रिसीव्हर आदळणारी, सगळ्यांआधी वाक्य पूर्ण करणारी मी, या एका बाबतीत आप्पांपेक्षाही सावकाश आहे. पुढच्या वर्षी बोलू, म्हटलं. पुढच्या हंगामात त्या घरातले सगळे तोडीला गेले ते परत आलेच नाहीत. कारखान्याजवळच्या एका गावात जागा घेतली, म्हैसही तिकडेच नेली, असं ऐकलं. ती मुलगी त्या उन्हाळ्यात एकदाही वाचनालयात आली नव्हती. दूध संस्थेत किटली घेऊन यायची, माझ्या दाराकडे पाठ करून रांगेत उभी राहायची, आणि निघून जायची.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नंतर चांगला पाऊस झालेली वर्षं आली, मग पुन्हा कोरडी आली. संघानं सभासदांना डबे द्यायला पुन्हा सुरुवात केली आणि पेट्यांची कल्पना त्या एका वर्षावरच थांबली. वाचनालय आता ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत गेलंय. ट्रंक तिथे आहे, मी निवृत्त होताना नव्या ग्रंथपालाला यादीप्रमाणे मोजून दिली. आप्पा गेले त्यालाही दिवस झाले. चेअरमनसाहेब गेले. त्या दिवशीच्या चाळीस माणसांतली काही पुण्याला मुलांकडे आहेत, काही अंथरुणावर, आणि जी गावात आहेत त्यांना विचारलं तर पोह्यात मीठ जास्त होतं एवढं आठवेल. कुणाला त्याहून जास्त आठवत असेल तर ते माझं वाक्य आठवत असेल. काळ सगळं पुसतो असं आपण सहज म्हणून जातो. मला तसं दिसलेलं नाही. त्यानं ऐकणारी माणसं नेली आणि बोललेलं तेवढं ठेवलं. ती मुलगी आता तिशीच्या जवळ आली असेल. कुठल्या तरी गावात, दुसऱ्याच नावानं, तिला कुणी हाक मारत असेल. तिच्या मुलांनी वाचनालयाचं नाव काढलं तर ती काय म्हणत असेल, हा विचार आला की मी उठते, घरभर फिरते, भांडी उगाच या फळीवरून त्या फळीवर ठेवते.

तिच्या आईनं मागितली ती चार लोकं आता मला जमवता येणार नाहीत. म्हणून तुमच्यासमोर म्हणते. त्या मुलीनं भिंग चोरलं नव्हतं. पेटी मागून उघडायला पक्कड मी दिली होती, आणि तिचं नाव घेताना हे मला पुरतं माहीत होतं. वाचणारे तुम्ही चारापेक्षा जास्तच असाल. पण त्या दिवशी तिथे बसलेले तुम्ही नव्हता.